‘साभार : इंटरनेट’ एवढ्यावर भागवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात शेवटच्या पानावर जगातल्या अजब गोष्टींची जी चौकट येते ती मी सगळ्यात आधी वाचते, बाकीच्या बातम्या नंतर. त्यामुळे तक्रार चौकटीबद्दल नाहीच, ती बंद तर अजिबात करू नका, जमलं तर मोठी करा. पण तिच्याखाली बारीक अक्षरात ‘साभार : इंटरनेट’ असं जे छापलेलं असतं ना, त्याबद्दल हे पत्र आहे. पत्र लांबलंय, हवं तिथे कात्री लावा फक्त मुद्दा राहू द्या.

इंटरनेट हे कुठल्या माणसाचं नाव नाही आणि संस्थेचंही नाही. तिथे जे काही आहे ते कोणीतरी टाकलंय म्हणून आहे, कोणीतरी फोटो काढलाय, कोणीतरी शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक पान पान करून स्कॅन केलंय, कोणीतरी स्वतःच्या खिशातून सर्व्हरचे पैसे भरतंय. आभार मानायचे तर त्या माणसाचे मानले पाहिजेत हे तर झालंच, पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. मी नेटवरच्या अशा अजब गोष्टी बऱ्याच वर्षांपासून जमवतेय, आणि माझा पक्का अनुभव असा की मूळ ठिकाण सापडलं की ती गोष्ट फॉरवर्डमध्ये होती त्याच्यापेक्षा जास्तच भारी निघते. खोटी असेल तर ते कळतंच, पण खरी असली तरी अर्धीच आपल्यापर्यंत आलेली असते, आणि गंमत नेमकी गाळलेल्या अर्ध्यात असते.

तो न विझणारा बल्ब घ्या. ‘1901 पासून एकदाही बंद न झालेला बल्ब’ हे तुम्ही पण छापलंय आणि फोनवर तर ते फिरत फिरत येतच असतं. बल्ब खरा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या फायर स्टेशनात छताला टांगलेला आहे, ओहायोच्या शेल्बी इलेक्ट्रिक कंपनीचा, आत कार्बनची तार, आता जेमतेम 4 वॅटचा मिणमिणता उजेड देतो. पण ‘एकदाही बंद नाही’ हे बरोबर नाही आणि हे त्या बल्बची काळजी घेणारी माणसं स्वतःच सांगतात, त्यांनी सगळी नोंद ठेवलीय. 1976 मध्ये स्टेशन हलवलं तेव्हा बल्ब फिरवून काढला तर फुटेल या भीतीने त्यांनी वायरच कापली आणि बल्ब होल्डरसकट गाडीतून पोलिसांच्या बंदोबस्तात नव्या जागी नेला, त्यात 22 मिनिटं तो विझलेला होता. मग 2013 च्या मे महिन्यात एका रात्री वेबकॅमवर बघणाऱ्या लोकांना एकदम अंधार दिसला, सगळ्यांना वाटलं संपलं, गेला बल्ब. सकाळी इलेक्ट्रिशियन आला, त्याने बघितलं तर बल्बला काहीच झालेलं नाही, वीज जाऊ नये म्हणून लावलेला यूपीएसच बिघडला होता! यूपीएस बाजूला काढून साधी एक्स्टेंशन कॉर्ड लावली आणि बल्ब परत लागला. सुमारे पावणेदहा तास तो बंद होता. आता मला सांगा, ‘एकदाही बंद नाही’ हे एक वाक्य छापणं चांगलं की ही हकिकत? जागा तेवढीच लागते, दोन ओळी जास्त.

अशीच दुसरी गोष्ट डांबराच्या थेंबाची. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1927 मध्ये थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी हा प्रयोग मांडला. पिच म्हणजे डांबरासारखा तो काळा पदार्थ हातोडी मारली तर काचेसारखा फुटतो, पण तरी तो घन नाही, वाहतो, इतकंच की फार म्हणजे फारच हळू वाहतो. पार्नेलनी तो गरम करून काचेच्या नरसाळ्यात ओतला, तीन वर्षं नुसता बसू दिला, 1930 मध्ये खालचं तोंड कापलं आणि मग वाट बघत बसले. पहिला थेंब पडला 1938 मध्ये. आत्तापर्यंत 9 पडलेत. फॉरवर्डमध्ये एवढंच असतं, ‘जगातला सगळ्यात हळू प्रयोग’ आणि एक फोटो, संपलं.

पण विद्यापीठाच्या पानावर जाऊन वाचलं की त्यात जॉन मेनस्टोन भेटतात. हे गृहस्थ 1961 पासून तो प्रयोग सांभाळत होते, आणि थेंब पडताना त्यांनी एकदाही पाहिला नाही. 1988 मध्ये थेंब आता पडेल मग पडेल असं झालेलं असताना ते काहीतरी प्यायला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेले तेवढ्यात तो पडला. 2000 मध्ये ते दुसऱ्या देशात होते म्हणून कॅमेरा लावून ठेवला होता, तर नेमका तेव्हाच कॅमेरा बिघडला. 2013 च्या ऑगस्टमध्ये ते वारले आणि 9वा थेंब सुटला तो 2014 च्या एप्रिलमध्ये. त्याच्याही आधी, 2013 च्या जुलैमध्ये, आयर्लंडमधल्या ट्रिनिटी कॉलेज डब्लिनमध्ये तसाच एक प्रयोग चालू होता तिथला थेंब पडताना पहिल्यांदा व्हिडिओत नीट सापडला. क्वीन्सलँडच्या नरसाळ्यावर आता कायमचा कॅमेरा आहे, कोणीही उघडून बघू शकतं, काहीच हलत नाही आणि तरी जगभरातली माणसं बघतात. मी पण उघडून ठेवते. आता ही माणसाची गोष्ट आहे की डांबराची? मेनस्टोन यांचं नाव गाळून नुसता डांबराचा फोटो ‘साभार : इंटरनेट’ म्हणून छापला तर छापण्यासारखं जे होतं तेच राहून गेलं असं मला मनापासून वाटतं.

आता खोट्या गोष्टींकडे येते. शार्कचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे, पूर आलाय, हायवेवर पाणी भरलंय, आणि कोणीतरी गाडीच्या खिडकीतून बाजूने पोहत चाललेल्या शार्कचा फोटो काढलाय. 2011 मध्ये आयरीन वादळ आलं तेव्हा तो पोर्टो रिकोचा म्हणून फिरला, 2017 मध्ये हार्वे वादळात तोच फोटो ह्यूस्टनचा झाला, आणि मधल्या काळात कुठे वादळ झालं की तो हजर असायचाच. तो शार्क मुळात दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला. थॉमस पेशाक नावाच्या फोटोग्राफरने छोट्या कयाकमधल्या (वल्ह्याच्या निमुळत्या होडीतल्या) एका संशोधकाच्या मागे मागे येणाऱ्या ग्रेट व्हाइट शार्कचा फोटो काढला होता, तो 2005 मध्ये एका आफ्रिकन मासिकात छापून आला, त्यातला शार्क कोणीतरी कापून रस्त्यावर चिकटवला. आणि कमाल अशी की पेशाकचा मूळ फोटो इतका अचाट आहे की लोकांनी खरा फोटोच खोटा ठरवला होता, त्याला सांगत बसावं लागलं की बाबांनो हा खरा आहे, फिल्मवर काढलाय.

इथे कोणी म्हणेल की मग सरळ नियम करा, पुरातला शार्क दिसला की खोटा. तर तसंही नाही. 2022 मध्ये इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला एका घराच्या मागच्या अंगणात साचलेल्या पाण्यात शार्कसारखा मासा तडफडताना दिसतो असा व्हिडिओ आला, सगळे आधीच्या अनुभवाने म्हणाले की आला परत तोच फेक, पण पत्रकारांनी तो ज्याने काढला त्याला गाठलं, मूळ फाइल मिळवली, केव्हा काढला ते तपासलं, आणि तो खरा निघाला. जाणकारांचा अंदाज असा की लहान वयाचा शार्क असावा. म्हणजे ‘असं कुठे असतं का’ या आपल्या अंदाजावर काहीही ठरत नाही, खरं वाटणारं खोटं निघतं आणि खोटं वाटणारं खरं. कुठून आलं, कोणी काढलं, कधी काढलं, एवढ्यावरच ते ठरतं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल फाडून टाकलं तर आतलं औषध तेच राहतं, पण ते घ्यायची हिंमत कोणी करत नाही, तसं आहे हे. आणि आता तर शब्द टाईप केले की फोटो तयार होतो, 2023 च्या मार्चमध्ये पोपचा तो पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला फोटो जगभर गेला, तो मिडजर्नी या एआय साधनावर बनवलेला होता. त्यात कापाकापी नाही, चिकटवाचिकटवी नाही, डोळ्याने पकडायला काही राहिलंच नाही, त्यामुळे लेबल पूर्वी जेवढं लागायचं त्याच्यापेक्षा आता जास्त लागणार.

नोंद न ठेवल्याने काय होतं याचं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण जपानचं आहे. 1978 मध्ये तिथे कंप्युटरसाठी लिपीचिन्हांची प्रमाण यादी ठरवली गेली, हजारो चिन्हं वेगवेगळ्या सरकारी याद्यांमधून, गावांच्या नावांमधून गोळा केली. नंतर लोकांच्या लक्षात आलं की त्यातली काही चिन्हं कुठल्याच शब्दकोशात नाहीत, कोणी कधी वापरलेलीही नाहीत, त्यांचा उच्चार नाही की अर्थ नाही. त्यांना भुताची अक्षरं म्हणायला लागले. 1997 च्या सुधारणेच्या वेळी अभ्यासकांनी जुन्या याद्या परत उघडून एकेक शोधलं. एका चिन्हाचं असं निघालं की डोंगर आणि स्त्री अशी दोन चिन्हं एकावर एक असलेलं एक अक्षर हवं होतं, ते छापायला नव्हतं म्हणून कोणीतरी दोन कागदाचे तुकडे कापून एकाखाली एक चिकटवले, आणि झेरॉक्स काढताना दोन कागदांच्या मधल्या कडेची सावली रेघ म्हणून उमटली. पुढच्या माणसाने ती रेघ अक्षराचा भाग समजून उतरवली. झालं, नवीन अक्षर जन्माला आलं! ते युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या कंप्युटरसाठीच्या यादीत गेलं आणि आज तुमच्या माझ्या फोनमध्ये आहे. बाकीच्यांचाही माग बऱ्यापैकी लागला, पण एक चिन्ह असं राहिलं की ते आलं कुठून याचा काहीच पुरावा सापडला नाही. कोणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी यादीवरून उतरवताना ‘कुठून घेतलं’ हे लिहिलं नाही. तेवढी एक ओळ लिहिली असती तर.

बरं, हे सगळं इंटरनेट आल्यावर सुरू झालंय असंही नाही. अजब वस्तू जमवण्याचा नाद युरोपात सोळाव्या सतराव्या शतकात जोरात होता, राजे आणि श्रीमंत लोक खोल्याच्या खोल्या भरून ठेवायचे, मगर छताला टांगलेली, शंख, हाडं, नाणी, आणि मानाच्या जागी युनिकॉर्नचं म्हणजे एकशिंगी घोड्याचं शिंग. कोपनहेगनमध्ये ओले वर्म नावाचे एक डॉक्टर होते, त्यांचाही असाच मोठा संग्रह होता. पण हे नुसते जमवायचे नाहीत, विचारायचे की हे आलं कुठून. 1638 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की ज्याला सगळे युनिकॉर्नचं शिंग म्हणतात तो उत्तरेच्या थंड समुद्रातल्या नारव्हाल नावाच्या प्राण्याचा दात आहे. स्वर्गीय पक्षी म्हणजे बर्ड ऑफ पॅरडाइज, त्याला पायच नसतात आणि तो जन्मभर उडतच राहतो असा तेव्हा समज होता, कारण व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या कातड्यांचे पाय आधीच कापलेले असायचे. वर्म यांनी त्या पक्ष्याला पाय असतात हे दाखवलं. ते 1654 मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहाची सूची पुस्तक म्हणून छापली गेली. वस्तू आज इकडे तिकडे झाल्या पण सूची राहिली, म्हणून त्यांचं नाव राहिलं. आणि नारव्हालचा दात युनिकॉर्नच्या शिंगापेक्षा कमी अजब आहे का? मला तर जास्त वाटतो. वरच्या जबड्यातून ओठ फाडून बाहेर आलेला, पिळाचा, माणसाहून उंच दात, आणि तो प्राणी आजही जिवंत आहे.

दुसरी अडचण म्हणजे नेटवरची गोष्ट आज आहे म्हणजे उद्या असेल असं नाही. पुस्तकात नाव वाचलं की ते पुस्तक कुठल्या तरी लायब्ररीत निघतं, लिंकचं तसं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये मोजून सांगितलं की 2013 साली असलेल्या वेबपेजपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. त्यांनी बातम्यांची पानं पण तपासली, 23 टक्के पानांवर निदान एक तरी मेलेली लिंक होती. जिओसिटीज नावाच्या साइटवर लाखो लोकांनी स्वतःच्या हाताने पानं बनवली होती, कोणी आपल्या मांजरीबद्दल, कोणी आगगाडीच्या इंजिनांबद्दल, 1994 ला सुरू झालेलं ते सगळं गाव याहूने 2009 च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलं. आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी बंद व्हायच्या आधी रात्रंदिवस डाउनलोड करून जेवढं जमेल तेवढं वाचवलं, 600 जीबीच्या वर भरलं ते, आणि फुकट वाटलं. एवढंच कशाला, जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत बनवली, ते पान रोज बदलायचं आणि अगदी सुरुवातीच्या पानाचा स्क्रीनशॉट कोणाकडेच नाही, बघायला मिळते ती 1992 ची प्रत.

जमवणाऱ्यांची साधनं सुद्धा अशीच जातात. नेटवर भटकताना काहीही अनोळखी समोर आणून टाकणारं स्टम्बलअपॉन 2018 मध्ये बंद झालं, वेगवेगळ्या साइटवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारं गूगल रीडर 2013 मध्ये, आणि नंतर वाचू म्हणून लेख ज्यात टाकून ठेवायचो ते पॉकेट 2025 च्या जुलैमध्ये. म्हणून मी आता सगळं माझ्या स्वतःच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवते. ॲप वगैरे काही नाही. गोष्ट काय आहे ते दोन वाक्यांत, पहिल्यांदा कुठे आणि कोणी टाकली, मूळ कधीचं, मी कधी पाहिलं, आणि लिंक. लिंक नुसती ठेवत नाही, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ‘सेव्ह पेज नाऊ’ अशी एक सोय आहे त्यात टाकते म्हणजे त्या दिवशी पान जसं होतं तसं तिथे राहतं. ब्रूस्टर केल यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या त्या संस्थेकडे 2025 मध्ये 1 लाख कोटी पानं जमा झाली आणि अजून सगळं फुकट आहे. ज्या गोष्टीची मूळ जागा सापडत नाही ती मी ‘मूळ लागत नाही’ अशा शेऱ्यासह वेगळी ठेवते, कोणाला पाठवत नाही. त्यातल्या काहींचं मूळ खूप दिवसांनी अचानक लागतं आणि तो आनंद वेगळाच असतो!

मूळ शोधणं फार अवघड असतं असा समज आहे, तो बरोबर नाही. फोटो असेल तर टिनआय या फोटोवरून फोटो शोधणाऱ्या साइटवर टाकून ‘सगळ्यात जुना आधी’ असा क्रम लावायचा, बरेचदा पहिल्या दोन तीन निकालांतच फोटोग्राफरचं नाव मिळतं. मजकूर असेल तर त्यातलं एक विचित्र वाक्य अवतरण चिन्हात टाकून सर्च करायचं. फॉरवर्ड होत आलेल्या फोटोच्या फाइलवर काही भरवसा ठेवू नका, मेसेजिंग ॲपमधून जाताना फोटो दाबला जातो आणि कुठल्या कॅमेऱ्याने कधी काढला ही आतली माहिती पुसली जाते, त्यामुळे मूळ पानावर जाण्याला पर्याय नाही. चार पाच मिनिटांचं काम आहे आणि ज्यांना हे काम जमतं अशी माणसं आपल्या कचेरीत भरपूर असणार.

शिवाय आता कितीतरी संस्था अशा आहेत की जिथे माल लेबलसकटच मिळतो. मुद्दाम एक सांगते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने 2022 च्या जानेवारीत रेम्ब्रांटच्या नाइट वॉच या 1642 च्या चित्राचा 717 गिगापिक्सेलचा फोटो नेटवर ठेवला, म्हणजे 71,700 कोटी पिक्सेल, 8,439 वेगवेगळे फोटो काढून जोडलेले. आधी पूर्ण चित्र दिसतं, मग मधल्या कॅप्टनचा चेहरा, मग त्याचा डोळा, मग डोळ्यातला पांढरा ठिपका, आणि अजून आत गेलं की त्या ठिपक्यातल्या रंगाला पडलेल्या भेगा आणि रंगाचे सुटे कण दिसायला लागतात, म्युझियममध्ये चित्रासमोर उभं राहून सुद्धा हे दिसणार नाही. डेव्हिड रमसी यांचा जुन्या नकाशांचा संग्रह आहे, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत प्राण्यापक्ष्यांची जुनी चित्रं आहेत, अपोलो 11 ची सगळी मोहीम सेकंदाला सेकंद जुळवून ऐकवणारी साइट आहे. प्रत्येक गोष्टीखाली कोणी केली, कधी केली, वापरायला परवानगी आहे का, सगळं लिहिलेलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं होतंय, पोतंभर माल लेबलसकट समोर असताना आपण फिरून फिरून मळलेला फॉरवर्ड उचलतो.

साहेब, आपल्या पेपरला ही शिस्त नवीन नाही. बातमीला गाव आणि तारीख लावता, एजन्सीचं नाव टाकता, फोटोखाली फोटोग्राफरचं नाव टाकता. मग चौकटीलाच का वगळायचं? ती हलकीफुलकी आहे म्हणून तिची शहानिशा नाही केली तरी चालेल, असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही, कारण मुलं ती चौकट कापून वहीत चिकटवतात आणि मोठी माणसं ती फोटो काढून ग्रुपवर टाकतात, ‘पेपरात आलंय’ म्हणून. तुमचं नाव लागलं की ऐकीव गोष्टीची पक्की गोष्ट होते. इंटरनेटवरून पेपरात आणि पेपरातून परत इंटरनेटवर असं एक वर्तुळ झालं की मग खरं मूळ कोणालाच सापडत नाही, जो शोधायला जातो त्याला तुमचाच पेपर सापडतो.

जागा नाही हे कारण देऊ नका, एक ओळ लागते. आणि लांबलचक लिंक छापा असं मी म्हणतच नाहीये, लिंक कागदावरून कोणी टाईप करत नाही आणि काही वर्षांत ती मरते सुद्धा. संस्थेचं नाव आणि वस्तूचा नोंदणी नंबर छापा. वेबसाइट बदलली, पत्ता बदलला तरी म्युझियमचा नंबर सहसा बदलत नाही, तो टाकला की कोणालाही, कधीही ती वस्तू सापडते. येल विद्यापीठात ते वॉयनिच हस्तलिखित आहे, कोणालाही न वाचता आलेल्या लिपीतलं, त्याचा ‘उलगडा झाला’ अशी बातमी अधूनमधून येतेच, तर तिथली बायनेकी लायब्ररी, हस्तलिखित क्रमांक 408 एवढं दिलं की वाचक स्वतः पान पान उघडून बघेल. आणि आधी छापलेल्या गोष्टीचं मूळ नंतर सापडलं किंवा ती चुकीची निघाली तर पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच अक्षरात ते द्या. बल्बपासून सुरुवात करता येईल.

पुढच्या अंकासाठी एक गोष्ट मीच देते, वर म्हटलं तशी नोंदीसकट, आवडली तर वापरा :

सुमारे इ.स.पू. 1750 मध्ये, आजच्या इराकमधल्या उर शहरात नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला मातीच्या पाटीवर तक्रार लिहून पाठवली. चांगलं तांबं देतो म्हणालास आणि हलकं पुढे केलंस, माझ्या माणसाशी उद्धटपणे वागलास, पैसे घेतलेस, आता यापुढे माझ्या अंगणात मी स्वतः निवडून घेईन, वाईट माल परत करीन, असा सगळा राग त्यात आहे. पाटी तळहाताएवढी, दोन्ही बाजूंनी अक्षरं खच्चून भरलेली. लिओनार्ड वूली यांच्या उत्खननात सापडली. ब्रिटिश म्युझियम, लंडन, म्युझियम क्रमांक 131236. म्युझियमच्या साइटवर हा नंबर टाकला की पाटीचे फोटो उघडतात.

आपली,
एक नियमित वाचक